क्लच घसरतो, दिवा मिणमिणतो? गाडी गॅरेजमध्ये टाकण्यापूर्वी...

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून एक दांपत्य नातलगाच्या लग्नाला निघाले होते. गाडी १०० सीसीची, आठ-दहा वर्षे वापरलेली. मागे बायको आणि तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. पहिल्याच मोठ्या चढावर इंजिनचा आवाज वाढला, पण गाडी काही वेग घेईना.

"अहो, गाडी ओढत का नाही?"

"चढ आहे ना. त्यात दोघांचं वजन."

"मागच्या वर्षी याच चढावर सिलिंडर घेऊन आलो होतो. तेव्हा नव्हती अशी करत."

गृहस्थांनी उत्तर दिले नाही. अ‍ॅक्सिलरेटर आणखी पिळला. इंजिन आणखी ओरडले आणि करपल्यासारखा वास आला. कसेबसे लग्न गाठले.

खरी परीक्षा परतताना होती. अंधार पडला होता आणि प्रत्येक डाव्या वळणावर हेडलाइट विझत होता. हँडल सरळ झाले की पुन्हा लागे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली, मागून येणाऱ्या टेंपोला पुढे जाऊ दिले आणि त्याच्या उजेडात, त्याच्या मागे मागे गाव गाठले. घरी पोहोचेपर्यंत दोघे एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी चालवून न पाहताच निकाल दिला, "क्लच प्लेटा गेल्या. आणि वायरिंग पूर्ण बदलावं लागेल." खर्चाचा आकडा महिन्याच्या किराण्याइतका होता. गृहस्थ गाडी ठेवून येणारच होते, पण शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नीने अडवले, "बदलायचं ते बदलू. पण आधी बिघाड कुठे आहे ते तरी पाहू या." कपाटातल्या जुन्या बिलांखाली गाडीचे माहितीपुस्तक सापडले. त्याची घडीही मोडलेली नव्हती.

अशी न उघडलेली पुस्तके घरोघरी असतात. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची मोटारसायकल आपल्याकडे आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात गाजली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि ९७.२ सीसीचे हे छोटे इंजिन शिक्षक, दूधवाले, विमा प्रतिनिधी, शेतकरी अशा सगळ्यांच्या अंगणात जाऊन बसले. पुढे दोन्ही भागीदार वेगळे झाले, २०११ मध्ये कंपनीचे नावही हीरो मोटोकॉर्प झाले, पण लोकांच्या मनातला 'विसरून जा' हा भाग काही गेला नाही. गाडी खरोखरच इतकी सोशिक आहे की तिची तक्रार कानावर येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आणि तक्रारी येतात त्या बहुधा दोनच ठिकाणांहून : क्लच आणि वीज. दोन्हींतले बरेचसे बिघाड सुटे भाग बदलण्याचे नसून ताण, सैलपणा, गंज आणि तुटलेला धागा अशा क्षुल्लक गोष्टींचे असतात. मात्र ते कोणत्या क्रमाने तपासायचे हे माहीत हवे.

क्लच म्हणजे नेमके काय?

इंजिनचे फिरणे मागच्या चाकापर्यंत पोहोचवणारा आणि हवा तेव्हा ते तोडणारा दुवा म्हणजे क्लच. लहान मोटारसायकलींत तो इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. आत दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एका प्रकारच्या चकतीवर घर्षणासाठी अस्तर असते, दुसरी साधी पोलादी. मजबूत स्प्रिंगा या चकत्यांना एकमेकींवर दाबून धरतात, म्हणून त्या एकत्र फिरतात. आपण डाव्या हाताने लिव्हर दाबतो तेव्हा केबल ओढली जाते, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि चकत्या मोकळ्या होतात.

एवढे समजले की क्लचचे दोन्ही मुख्य आजार ओळखता येतात. चकत्या पुरत्या दाबल्या जात नसतील तर क्लच 'घसरतो' : इंजिन ओरडते, गाडी पळत नाही, पेट्रोल जास्त जाते, चढावर वास येतो. चकत्या पुरत्या मोकळ्या होत नसतील तर क्लच 'धरतो' : लिव्हर दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते, गिअर टाकताना खट्‌कन धक्का बसतो, सिग्नलला न्यूट्रल काही सापडत नाही. पहिल्या आजाराला दुसऱ्याचे औषध दिले तर रोग वाढतो, आणि नेमके हेच सर्रास घडते.

घसरण तपासण्याची सोपी पद्धत आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने चालवा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळा. आवाज आणि वेग बरोबर वाढले तर क्लच ठीक. आवाज आधी पळाला आणि वेग मागून रेंगाळत आला तर क्लच घसरतो आहे. ज्या मेकॅनिकने ही एवढीशी फेरीही मारली नाही, त्याचा निकाल मान्य करण्याची घाई करू नका.

दोन बोटांची चाचणी

आता इंजिन बंद करून क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलकेच ओढून पाहा. सुरुवातीला तो काही अंतर अगदी सैल, विनाजोर यायला हवा आणि त्यानंतर स्प्रिंगचा जोर लागायला हवा. या सैल अंतराला मेकॅनिक 'प्ले' म्हणतात. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी हा प्ले १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. शाळेच्या पट्टीने मोजता येईल अशी ही गोष्ट आहे.

प्ले अजिबात नसेल, म्हणजे लिव्हर पहिल्यापासूनच ताठ असेल, तर याचा अर्थ केबल सतत ओढलेली आहे. जणू कोणीतरी क्लच सदैव थोडासा दाबून धरला आहे. मग चकत्या घसरणारच. उलट प्ले फार असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही चकत्या सुटत नाहीत आणि क्लच धरतो.

साताऱ्याच्या त्या गाडीचा प्ले मोजला तेव्हा पट्टीवर शून्य आले. मग गृहस्थांना आठवले, दोनेक महिन्यांपूर्वी न्यूट्रल सापडत नव्हते म्हणून पंक्चरवाल्याच्या पोऱ्याने 'जरा टाइट' करून दिले होते. तेव्हा गिअर हलके पडू लागले म्हणून गृहस्थ खूश झाले होते. त्या खुशीची किंमत घाटात मोजावी लागली.

प्ले दुरुस्त करणे अवघड नाही. लिव्हरपाशी, रबरी टोपीखाली केबलचा एक फिरता ताणस्क्रू आणि त्यावर लॉकनट असतो. लॉकनट सैल करा, ताणस्क्रू आत फिरवला की प्ले वाढतो, बाहेर काढला की कमी होतो. मनाजोगता प्ले आला की लॉकनट पुन्हा घट्ट करा. हा वरचा ताणस्क्रू बारीक फरकासाठी आहे. तो खूपच बाहेर आला असेल तर तसाच ओढत बसू नका. इंजिनजवळ, केबलच्या खालच्या टोकाशी दुसरे समायोजन असते, तिथे पाना लावावा लागतो. आधी वरचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत घ्या, खाली मुख्य ताण ठरवा आणि मग वर बारीक जुळवणी करा. यात ताकद लागत नाही, धीर लागतो. इंजिन मात्र थंड असू द्या.

यानंतरचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. प्ले बरोबर लावल्यावर पुढच्या काही आठवड्यांत तो आपोआप कमी होत गेला, तर आतल्या चकत्यांचे अस्तर झिजते आहे. आपोआप वाढत गेला, तर केबल ताणली जाते आहे किंवा तिचे धागे तुटू लागले आहेत. पट्टीच्या या मापावरून आतली बातमी बाहेर कळते.

केबल कधी तुटते?

केबल तुटते ती बहुधा लिव्हरच्या टोकाशी, शिशाच्या गाठीजवळ. पण एकदम नाही. एकेक धागा तुटत जातो, लिव्हर जड आणि खरखरीत होतो, क्वचित धाग्याचे टोक बोटाला टोचते. त्याच दिवशी केबल बदलून घ्यावी. केबल ही क्लचमधली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि तिच्यामुळे गाडी रात्री-अपरात्री जितकी अडते तितकी महागड्या भागांमुळे अडत नाही. पावसाळ्याआधी वरचे टोक सोडून केबलच्या वेष्टनात तेलाचे काही थेंब मुरू द्यावेत. लांबच्या प्रवासाला निघणारे जाणकार तर नवी केबल जुन्या केबलशेजारीच टेपने बांधून ठेवतात. तुटली की फक्त दोन टोके अडकवायची.

जुन्या केबलवर लिव्हर जड लागतो म्हणून त्यात ग्रीस भरण्याचा सल्ला काही जण देतात. ग्रीस धूळ धरते आणि वर्षभरात केबल आणखी जड होते. पातळ तेलच बरे.

तेलाचा घोळ

प्ले बरोबर, केबल नवी, तरीही क्लच घसरतो. अशा वेळी नजर तेलाकडे वळवावी. घरात चारचाकी आली की तिच्या डब्यातले उरलेले तेल दुचाकीत ओतण्याचा मोह होतो. मोटारीचा क्लच कोरडा असतो, तेलाबाहेर असतो. म्हणून मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने मिसळतात. तेच तेल मोटारसायकलच्या ओल्या क्लचमध्ये गेले की ज्या चकत्यांनी एकमेकींना धरायचे त्याच निसटू लागतात. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जेएएसओ एमए' किंवा 'एमए-२' अशी खूण पाहून घ्या. 'एमबी' लिहिलेले तेल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे, घरात दोन्ही वाहने असतील तर डबे अदलाबदल होऊ देऊ नका. घट्टपणाचा क्रमांक, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, माहितीपुस्तकात असेल तोच घ्यावा.

थंडीच्या दिवसांत, विशेषतः उत्तरेकडच्या शहरांत, सकाळी पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते, क्वचित बंदही पडते. हा बिघाड नव्हे. रात्रभरात तेल दाट होऊन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. इंजिन मिनिटभर चालू द्या, क्लच काही सेकंद दाबून धरा आणि मग गिअर टाका.

आणि क्लचचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चालवणाऱ्याची डावी बोटे. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहणे, चढावर ब्रेकऐवजी अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरणे, रहदारीत दोन बोटे सतत लिव्हरवर टेकवून ठेवणे... या सवयी असतील तर कोणत्याही कंपनीच्या प्लेटा टिकणार नाहीत. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरते. ते, दोन माणसे आणि अर्धा दाबलेला क्लच हे समीकरण चकत्यांना झेपत नाही.

वीज : आधी सगळे मेले की एकच?

क्लचपेक्षा विजेची लोकांना जास्त धास्ती असते. रंगीबेरंगी वायरींचे भेंडोळे पाहिले की शहाणा माणूसही हात मागे घेतो. पण भेंडोळे उकलायचे नसतेच. आधी फक्त एक प्रश्न विचारायचा : सगळे बंद पडले आहे की एकच वस्तू?

चावी फिरवा. न्यूट्रलचा हिरवा दिवा, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट एकेक करून पाहा. सगळेच मेले असेल तर दोष मुळाशी आहे : फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल किंवा चावीचा स्विच. एकच वस्तू मेली असेल तर दोष त्या वस्तूच्या स्वतःच्या वाटेवर : तिचा बल्ब, तिचा स्विच किंवा तिची वायर. या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

किकवर चालणाऱ्या जुन्या १०० सीसी गाड्यांत मात्र एक गंमत आहे. त्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, इंजिन फिरू लागले की तयार होणाऱ्या विजेवर थेट चालतो. म्हणून इंजिन मंद झाले की तो मिणमिणतो आणि बंद झाले की विझतो. अशा गाडीचा हेडलाइट लागत नाही म्हणून नवी बॅटरी घेणे म्हणजे पोट दुखते म्हणून चष्मा बदलणे. नव्या गाड्यांचे तसे नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करण्याचे बटणच नसते, इंजिन सुरू असेपर्यंत दिवा लागलेला राहतो. आणि २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. तिचा पंप विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरी पुरती संपलेली असेल तर कितीही किका मारल्या तरी इंजिनला पेट्रोल मिळत नाही. जुन्या गाडीवर शिकलेली विद्या नव्या गाडीवर जशीच्या तशी चालत नाही, हे वडील आणि मुलगा दोघांनीही ध्यानात घ्यावे.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी

सीटखालचा किंवा बाजूचा पत्रा काढला की छोटी १२ व्होल्टची बॅटरी दिसते. तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर वीज तिथेच अडते. आधी ऋण टोक सोडा, मग धन टोक. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने पुसा, कोरडे करा, पॉलिश पेपर हलकेच फिरवा. जोडताना उलट क्रम : आधी धन, मग ऋण. टोके चुकून उलटी जोडली तर फ्यूज आणि त्याबरोबर आणखीही काही जळू शकते. हातात अंगठी, धातूच्या बांगड्या किंवा घड्याळाचा पट्टा असेल तर आधी काढून ठेवा, कारण दोन टोकांमध्ये धातू आला की ठिणगी उडते. बॅटरीजवळ काडी ओढू नये, हे सांगायला नकोच.

पाणी घालायची बॅटरी असेल तर दोन रेषांच्या मध्ये पातळी ठेवा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळाचे किंवा फिल्टरचे पाणी नव्हे. सीलबंद बॅटरीचे झाकण उचकटू नका.

शंभर-दीडशे रुपयांपासून मिळणारा डिजिटल मीटर घरात असेल तर अंदाजबाजी संपते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. इंजिन सुरू करून थोडा वेग दिला की हा आकडा चढून चौदाच्या आसपास यायला हवा. चढलाच नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि नवी बॅटरी घेतली तरी तीही आठवडाभरात बसेल. आकडा पंधराच्या पलीकडे पळाला तर रेग्युलेटर बिघडला आहे. वारंवार बल्ब उडणे, बॅटरीचे पाणी भराभर आटणे ही त्याचीच लक्षणे. दर महिन्याला बल्ब बदलणाऱ्या माणसाला बल्बचा दुकानदार हे सांगेलच असे नाही.

हँडल वळवून पाहा

मोटारसायकलच्या वायरींचा जुडगा ज्या एका जागी रोज शेकडो वेळा वाकतो, ती जागा म्हणजे हँडलखालची मान. आतली तांब्याची तार तिथे तुटते, बाहेरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसते. म्हणून दिवा कधी लागतो, कधी विझतो. तपासणी अगदी सोपी : इंजिन चालू ठेवून, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. एखाद्या ठरावीक कोनात दिवा गेला तर दोष मानेपाशीच आहे. वायर चिमटीत धरून हलकेच ओढा. तुटलेल्या जागी ती रबरासारखी लांबते. त्या एका तुकड्याला जोड देऊन, झाळून, वर टेप गुंडाळली की काम भागते. संपूर्ण वायरिंग बदलण्याची गरज अगदी जळालेल्या किंवा उंदरांनी कुरतडलेल्या गाडीलाच पडते.

ब्रेक लाइटकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते, कारण तो चालवणाऱ्याला दिसत नाही. मागच्या ब्रेकच्या पेडलला एक छोटी स्प्रिंग लावून स्विच ओढलेला असतो. ब्रेक ताणून घेतला की या स्विचचीही जुळवणी बदलते. मग एक तर दिवा लागतच नाही, किंवा सतत लागून राहतो आणि बॅटरी संपवतो. ब्रेक ॲडजस्ट करून घेतल्यावर घरातल्या कोणाला तरी मागे उभे करून दिवा पाहायला सांगा. मागून येणाऱ्या ट्रकला आपण थांबतो आहोत हे तेवढ्याच दिव्यावरून कळते.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद लावण्याचा सोपा मार्ग लोक काढतात. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती असते पेट्रोलच्या टाकीखाली. त्यापेक्षा योग्य आकड्याचा फ्यूज लावून एकेक वस्तू सुरू करून पाहा. हॉर्न दाबला, काही झाले नाही. इंडिकेटर दिला, ठीक. ब्रेक दाबला आणि फ्यूज उडाला, तर मागच्या मडगार्डखाली घासून उघडी पडलेली ब्रेक लाइटची वायर शोधा. हौसेने बसवलेले दोन-दोन हॉर्न आणि झगमगणारे जादा दिवेही या यादीत येतात. मूळ वायरिंग एवढ्या भारासाठी बनवलेले नसते.

क्लच आणि वीज जिथे भेटतात

बटणस्टार्टच्या गाडीत एक फसवा बिघाड असतो. बटण दाबले की काहीच होत नाही, आवाजसुद्धा नाही. बॅटरी संपली म्हणून गाडी ढकलत नेली जाते. अनेक गाड्यांत गिअर पडलेला असताना क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. यासाठी क्लचच्या लिव्हरखाली नखाएवढा स्विच असतो. त्यात चिखल गेला किंवा त्याची वायर निसटली, तर क्लच दाबला आहे हे गाडीला कळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन बटण दाबा. सुरू झाली तर बॅटरी निर्दोष आहे. काही नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होते, तेही पाहून घ्या. आणि सगळ्यांत आधी उजव्या हाताशी असलेले लाल बटण पाहा. पार्किंगमध्ये मुले ते दाबून पळतात आणि मोठी माणसे अर्धा तास किका मारत बसतात.

बटण दाबल्यावर नुसता 'टिक्-टिक्' आवाज येत असेल, तर मात्र बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे.

कुठे थांबावे?

इंजिनचे झाकण उघडणे, चकत्या बदलणे, चार्जिंगची कॉइल काढणे ही घरातली कामे नव्हेत. बीएस-६ गाडीतल्या कंट्रोल युनिटच्या जोडणीत टेस्ट लॅम्पची टोके खुपसू नयेत, त्याने ते युनिट बिघडू शकते. पण गॅरेजमध्ये जाताना 'गाडी बघा जरा' असे न सांगता 'प्ले पंधरा मिलिमीटर आहे, तरी वरच्या गिअरमध्ये घसरते' किंवा 'डावीकडे वळवल्यावर हेडलाइट जातो' असे सांगितले, तर मेकॅनिकची भाषाही बदलते. सगळे मेकॅनिक लबाड असतात असे मुळीच नाही. दिवसाला पंधरा गाड्या हातावेगळ्या करायच्या म्हटल्यावर शोधण्यापेक्षा बदलणे त्यांना सोपे पडते, एवढेच. भाग बदललाच तर जुना भाग परत मागावा. सुटे भाग स्वतः घ्यायचे असतील तर पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचे करोल बाग, खोक्यावरचे नाव पाहून समाधान मानू नये, पक्के बिल घ्यावे. नकली प्लेटा नव्यासारख्याच दिसतात.

साताऱ्याच्या त्या घरात रविवारची सकाळ गाडीपुढे गेली. प्ले पंधरा मिलिमीटरवर आणला. मानेपाशी एक वायर आत तुटलेली सापडली. दुसऱ्या, ओळखीच्या मेकॅनिकने ती दहा मिनिटांत झाळून दिली. हेडलाइट त्यानंतर वळणावर गेला नाही, गाडीही चढ चढू लागली. गृहस्थ येता-जाता पहिल्या मेकॅनिकला नावे ठेवू लागले.

पण पत्नीने दर रविवारी पट्टी लावून प्ले मोजायचा नेम सोडला नाही. कॅलेंडरवर ती आकडा लिहून ठेवी. पंधरा, तेरा, दहा, सात. केबल तीच, स्क्रूला कोणी हात लावलेला नाही. दोन महिने घसरत्या क्लचवर गाडी चालवल्यामुळे चकत्या आतून करपल्या होत्या. पहिल्या मेकॅनिकचे वायरिंगबद्दलचे निदान चुकले, प्लेटांबद्दलचे चुकले नव्हते.

"म्हणजे तो बरोबरच होता म्हणायचा," गृहस्थ म्हणाले.

"अर्धा," ती म्हणाली.

प्लेटा बदलल्या त्या दिवशी जुना संच ती वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आली. नव्या चकतीशेजारी धरून तिने मेकॅनिककडून अस्तराची जाडी मोजून घेतली होती. काळ्या पडलेल्या त्या चकत्या आता तिच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत. घर्षणाचा धडा आला की ती त्या मुलांच्या हातात देते.